खोडकर बाहुल्यांची मुंबई

मुंबईच्या मराठी वस्तीत खोडकर खेळणे पुस्तकातून कमी आले आणि रंगमंचावरून जास्त. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत वाढलेल्या माणसांना लहानपणची वात्रट बाहुली आठवायला सांगितली, तर बहुतेकांना एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आठवत नाही. भर सभेत उलट उत्तरे देणारे बोलक्या बाहुल्यांतले अर्धवटराव आठवतात, बालनाट्यातली चेटकीण आठवते, आणि त्यानंतरच्या पिढीला चित्रपटातला तात्या विंचू आठवतो. युरोपात याच जातीचे पात्र मुलाच्या खोलीतल्या कपाटात राहत होते आणि दिवे मालवल्यावर खाली उतरत होते. मुंबईत त्याला कपाट मिळाले नाही, कारण मुलालाच खोली मिळालेली नव्हती. त्यामुळे या शहरात खोडकर खेळणे एका मुलाच्या मालकीचे न राहता साऱ्या वाडीचे झाले.

आधी युरोपातली परंपरा थोडक्यात पाहायला हवी. होफमानची नटक्रॅकरची कथा १८१६ मधली, अँडरसनच्या कथिलाच्या शिपायाची १८३८ मधली. इटलीत कार्लो कोल्लोदीने १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात पिनोकियो क्रमशः लिहिला आणि १८८३ मध्ये त्याचे पुस्तक झाले. इंग्लंडात फ्लॉरेन्स अप्टनचा गॉलिवॉग १८९५ मध्ये आला, तर एनिड ब्लायटनचा नॉडी १९४९ मध्ये. इंग्लंडातल्या अशा बऱ्याच गोष्टींमागे एक ठरावीक घर उभे आहे. वरच्या मजल्यावर मुलांची वेगळी खोली, तिथे दाई, खेळण्यांचे कपाट, आणि रात्री बंद होणारे दार. मोठी माणसे दाराबाहेर गेली की खेळण्यांचे राज्य सुरू होते. दार बंद होणे ही या गोष्टींची पहिली अट आहे.

प्रौढपणी या गोष्टी पुन्हा वाचणाऱ्यांना त्यात बरेच काही नवे दिसते. मूळ पिनोकियो उपदेश करणाऱ्या रातकिड्याला हातोडा फेकून ठार मारतो, आणि पंधराव्या प्रकरणात त्याला स्वतःला झाडावर फासाला लटकवले जाते. कोल्लोदीला गोष्ट तिथेच संपवायची होती, वाचकांच्या आग्रहामुळे ती पुढे चालली. गॉलिवॉगच्या काळ्या चेहऱ्यातली वंशवादी चेष्टा पुढच्या पिढ्यांनी ओळखली, आणि नॉडीच्या नंतरच्या आवृत्त्यांतून ही बाहुली काढून टाकण्यात आली. एका खोलीत एकट्याने वाचलेले पुस्तक पुन्हा एकट्यानेच तपासता येते. मुंबईच्या बाहुल्यांची फेरतपासणी अशी एकट्याने होत नाही. त्याचे कारण इथल्या जागेच्या टंचाईत आहे.

गिरगावातल्या केळेवाडी, फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी या वाड्यांतल्या चाळींत एका कुटुंबाला एक किंवा दोन खोल्या असत. परळ-लालबागच्या गिरणगावात एका खोलीत दोन-दोन कुटुंबे किंवा पाळ्यांनी झोपणारे एकटे पुरुष राहत. सरकारने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारतींतही खोलीचे क्षेत्रफळ साधारण १६० चौरस फूट होते. त्यात चूल, मोरी, देव्हारा, अंथरुणांची वळकटी आणि पाच-सात माणसे. मुलांसाठी बंद करण्याजोगे दार नव्हतेच. खेळणी असली तर पत्र्याच्या ट्रंकेत, नाहीतर पोटमाळ्यावर. खेळ चाले तो गॅलरीत, जिन्यावर आणि चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

खेळणी थोडी होती, आणि ऋतूप्रमाणे येत-जात. भोवरे, गोट्या, विटीदांडू, पतंग यांचे हंगाम ठरलेले असत. दिवाळीत चाळीच्या चौकात मातीचा किल्ला उभा राही आणि त्यावर रंगवलेले मातीचे मावळे. पौषात प्रभादेवीची जत्रा, नवरात्रात महालक्ष्मीची. तिथून पिपाण्या, भिंगऱ्या, दाबले की टकटक वाजणारे पत्र्याचे बेडूक घरी येत. बाहुल्यांत मानाची होती ती लाकडाची ठकी. हातपाय अंगाला चिकटलेले, चेहरा दोन-चार रेघांत रंगवलेला. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी केलेली ठकी, लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी चाकरमान्यांच्या सामानातून मुंबईत येत. उलट दिशेने, गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाणाऱ्या गिरणी कामगाराच्या ट्रंकेत मुंबईच्या बाजारातले पत्र्याचे किंवा सेल्युलॉइडचे खेळणे असे. गिरणगावातल्या कितीतरी बापांची मुले गावीच वाढत होती. वडील वर्षातून दोनदा भेटत, आणि त्या भेटीची खूण म्हणून हे खेळणे वर्षभर जपले जाई. अशा खेळण्याला खोडकर मानणे मुलांना सहजासहजी सुचण्यासारखे नव्हते. ते फार मोलाचे होते.

छापील मराठीतली जुनी बाहुलीही शहाणीच आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुंबईत 'बालबोध' मासिक सुरू केले. त्याचा भर चरित्रे, निबंध, शास्त्रीय माहिती आणि बोधावर होता. पुण्याहून १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' निघाले आणि मुलांच्या करमणुकीला मासिकात जास्त जागा मिळू लागली. त्याआधीची, अल्पायुषी ठरलेल्या दत्त कवींची (१८७५–१८९९) बाहुलीवरची कविता पुढे शाळेच्या पुस्तकांतून आणि आज्यांच्या तोंडून घराघरांत पोचली. ती मोठेपणी पुन्हा वाचण्याजोगी आहे. त्यातली मुलगी मैत्रिणींना आपली बाहुली कौतुकाने दाखवते. बाहुली डोळे फिरवते, गालात हसते, तिला सगळे कळते. पण ती कधी हट्ट करत नाही, भलते काही मागत नाही, नवे कपडे मळवत नाही. लहानपणी त्यात फक्त गोडवा जाणवतो. प्रौढ वाचकाला त्यामागे आणखी एक गोष्ट दिसते: ज्या वयाच्या मुलींची लग्ने होत होती त्या वयाच्या मुलीकडून जे अपेक्षित होते, ते सगळे या बाहुलीत आधीच उतरलेले आहे. बाहुला-बाहुलीच्या लग्नाचा खेळही त्याच वळणाचा होता. घरातल्या बाहुलीला संसार शिकवायचा होता, खोड्या नव्हेत.

मुलांसाठी खास खोली मुंबईतल्या मराठी मुलाला प्रथम मिळाली ती घराबाहेर. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. लहान मुलाच्या उंचीची बैठक, त्याच्या हाताला येणाऱ्या फळ्या, आणि ज्याला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही असे साहित्य ही कल्पना या शहरातल्या पालकांना नवी होती. मात्र ज्या माँटेसरींच्या विचारातून हे काम उभे राहिले, त्या स्वतः अगदी लहान वयातल्या परीकथांविषयी साशंक होत्या. माँटेसरींच्या मते साहित्य हे इंद्रियांच्या शिक्षणासाठी होते, त्याने रात्री उठून धिंगाणा घालावा यासाठी नव्हते. गिजुभाई आणि ताराबाईंनी गोष्टी, गाणी आणि नाट्याला आपल्या पद्धतीत मनापासून जागा दिली, हे त्यांचे वेगळेपण. तरीही खेळण्यांची वात्रट गोष्ट शिशुविहाराच्या वर्गातून आली नाही. ती करमणुकीच्या धंद्यातून आली.

महाराष्ट्राला हलत्या बाहुल्या नव्या नव्हत्या. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुलीचे दाखले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या दोन्ही परंपरा जपल्या, आणि त्याबद्दल २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. पण त्या बाहुल्या रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात, आणि त्यांचा सूत्रधार पडद्याआड राहतो. मुंबईच्या रंगमंचावर आलेली बाहुली वेगळ्या कुळातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये फ्रेड रसेल याने मांडीवर एकच बाहुला घेऊन त्याच्याशी संवाद करण्याची पद्धत रूढ केली. बाहुला धीट आणि तोंडाळ, माणूस सभ्य आणि त्याच्यापुढे हैराण. हा साचा पुढे जगभर पसरला.

तो मराठीत रुजवला यशवंत केशव पाध्ये यांनी. त्या काळी जादूगार आणि शब्दभ्रमकार, म्हणजे बाहुल्याला बोलते करणारे कलावंत, आपल्या नावामागे 'प्रोफेसर' लावत. पाध्येही प्रोफेसर वाय. के. पाध्ये म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचे अर्धवटराव १९१६ च्या सुमारास जन्मले. पुढे त्यांना आवडाबाई ही पत्नी मिळाली आणि बाहुल्यांचा संसार वाढला. हा तपशील महत्त्वाचा आहे. इंग्रजी परंपरेतला मांडीवरचा बाहुला बहुधा वात्रट पोरगा असतो. मराठीतला वात्रट बाहुला 'राव' आहे, प्रापंचिक आहे, बायकोशी भांडतो. ज्या प्रेक्षकांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसलेले असत, त्यांना एकाच वेळी हसवायचे तर हा चांगला मार्ग होता. मुलांना बाहुली बोलते याची गंमत, मोठ्यांना ती काय बोलते याची.

शब्दभ्रमाची विद्या कष्टाची आहे. आवाज दुसरीकडे 'फेकला' जात नाही. तो माणसाच्या गळ्यातूनच येतो. ऐकणाऱ्याचे कान आवाजाची नेमकी जागा ठरवायला कमी पडतात आणि डोळे हलत्या तोंडाकडे वळतात, म्हणून बाहुली बोलल्याचा भास होतो. ओठ किंचित विलग ठेवून, ते न हलवता बोलायचे असते. त्यात सर्वांत अवघड वर्ण म्हणजे ओठ मिटल्याशिवाय न उच्चारता येणारे प, फ, ब, भ आणि म. शब्दभ्रमकार तिथे जिभेने दातांमागे जवळचा ध्वनी काढतो आणि वाक्याच्या ओघात तो खपवतो. 'अर्धवटराव' या नावात ओठ मिटावे लागणारा एकही वर्ण नाही, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. आपले नाव हा बाहुला कितीही मोठ्याने सांगू शकतो. बाहुलीचे डोके पोकळ असते. मानेतून आत गेलेल्या दांड्यावर खटके असतात, त्यांना बांधलेल्या दोऱ्यांनी जबडा, बुबुळे, पापण्या आणि भुवया हलतात. एका हाताच्या बोटांनी हे खटके चालवायचे, त्याच वेळी दोन आवाजांत संवाद करायचा, आणि स्वतःच्या चेहऱ्यावर ऐकणाऱ्याचे भाव ठेवायचे. बाहुलीने अपमान केला की खजील होण्याचा अभिनयही त्यानेच करायचा.

या कलेला गणेशोत्सवाने मोठा आधार दिला. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झाला. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, लालबागच्या गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. दहा दिवसांच्या करमणुकीत मेळे, कीर्तने, व्याख्याने यांबरोबर नकलाकार, जादूगार आणि शब्दभ्रमकार यांना मागणी असे. परळला १९२२ पासून दामोदर नाट्यगृह होते. नारायण मल्हार जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू कामगार वस्तीतल्या माणसाला परवडणाऱ्या रंगभूमीचे घर बनली. चाळीत मोठ्यांना उलट उत्तर देणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा बसे. त्याच चाळीत, उत्सवाच्या मांडवात, एक लाकडी बाहुला प्रमुख पाहुण्यांची, यजमानांची आणि खुद्द आपल्या मालकाची टर उडवी आणि सगळे टाळ्या वाजवत. मुलांना तो इतका आवडण्याचे कारण यात आहे.

लालबाग-परळच्या मंडपांत बाहुल्यांचा आणखी एक प्रकार दिसे: हलते देखावे. विजेची मोटर, पट्टे आणि चक्रे यांच्या जोडणीतून माणसाएवढ्या मूर्तींची मान, हात, कंबर हलत राही, आणि मागे ध्वनिमुद्रित निवेदन चाले. विषय पौराणिक, ऐतिहासिक किंवा सामाजिक. या बाहुल्या गंभीर होत्या, पण लहान मुलासाठी त्यांचा हलता हात हाच मोठा चमत्कार होता. गिरण्यांमध्ये यंत्रे सांभाळणाऱ्या कामगारांच्या वस्तीत अशी यंत्रे लोकप्रिय व्हावीत यात नवल नाही.

मुलांसाठीच केलेली, तिकीट लावून चालणारी व्यावसायिक बालरंगभूमी मुंबईत १९५९ मध्ये सुरू झाली. तोवर मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनीच केलेला प्रयोग. सुधा करमरकर यांनी अमेरिकेतली मुलांची रंगभूमी पाहिली होती. परतल्यावर गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'लिटल थिएटर – बालरंगभूमी' स्थापन केली आणि रत्नाकर मतकरी यांनी लिहिलेले 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मुलांसाठीचे नाटक मोठ्या, तयारीच्या नटांनी करावे, आणि त्याचे नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा मोठ्यांच्या नाटकापेक्षा उणी असू नये, हा त्यांचा आग्रह होता. साहित्य संघ १९३५ मध्ये स्थापन झाला होता. केळेवाडीत त्याचे डॉ. भालेराव नाट्यगृह १९६४ मध्ये उभे राहिले. पुढच्याच वर्षी दादरला श्री शिवाजी मंदिर सुरू झाले, आणि सुट्टीतल्या सकाळच्या बालनाट्यांसाठी तिथे रांगा लागू लागल्या.

सुधाताईंच्या या आग्रहाचे मोल मोठेपणी जास्त कळते. चाळीतल्या मुलाला बंद दाराची खोली मिळाली नव्हती. नाट्यगृहात दिवे मालवले की ती दोन-अडीच तासांपुरती मिळाली. पडदा वर गेला की निर्जीव वस्तू बोलत, झाडे चालत, राक्षस पडद्यातून बाहेर येत. फरक इतकाच की हा चमत्कार एकट्याने पाहायचा नव्हता. शेजारी अख्खी वाडी बसलेली असे. चेटकीण आली की शेकडो मुले एकाच वेळी ओरडून नायकाला सावध करत, आणि ते ओरडणेही प्रयोगाचा भागच होते. पुस्तकातल्या बाहुल्याला वाचकाचा आवाज ऐकू येत नाही. इथे तो ऐकू जात होता आणि त्याचा परिणाम नटांवर होत होता.

मतकरींनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. ते बँकेत नोकरी करत होते, आणि नोकरी सांभाळून, पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने त्यांनी ही संस्था अनेक वर्षे चालवली. 'निम्माशिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या', 'अचाटगावची अफाट मावशी' ही नावेच मुलांच्या जिभेवर खेळणारी आहेत. त्यांची दुष्ट पात्रे भीतिदायक असतात, पण त्याहून अधिक स्वतःवर खूश असतात. त्या खुशीमुळेच ती फसतात. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी साकारली. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची मराठी रंगभूमीची जुनी रीत इथे मुलांच्या विनोदासाठी नव्याने कामी आली. विजय तेंडुलकर आणि पु. ल. देशपांडे यांनीही मुलांसाठी नाटके लिहिली. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या व अरविंद देशपांडे यांच्या 'आविष्कार'ची मुलांसाठीची शाखा 'चंद्रशाला' याच परिसरात वाढली. तिचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अनेक पिढ्यांच्या बालकलाकारांनी सादर केले. मुंबईच्या मराठी नाट्यसृष्टीतले हे काम मोठ्यांच्या प्रायोगिक नाटकाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि नाट्येतिहासात त्याला त्या मानाने फार कमी पाने मिळाली आहेत.

पाध्यांच्या घरात याच काळात दुसरी पिढी पुढे आली. वडिलांनंतर रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून अर्धवटरावांना आपला आवाज दिला. त्यांचे शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकीचे. बाहुलीच्या डोक्यातले खटके आणि सांधे त्यांनी स्वतः घडवले, आणि मांडीवरच्या बाहुल्यांबरोबर हातमोज्याच्या, दांड्यांच्या, फोम-रबराच्या अशा नाना प्रकारच्या बाहुल्या केल्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि बोलक्या बाहुल्या मंडपातून चौकोनी पडद्यावर गेल्या. चाळीत तेव्हा दूरदर्शन संच एखाद्याच बिऱ्हाडात असे आणि मजल्यावरची सगळी मुले त्याच्या दारात बसत. म्हणजे इथेही बाहुली पाहिली गेली ती घोळक्यानेच. पुढे लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससा देशभर पोचला, तोही पाध्यांचाच.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ मध्ये आला. 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकी भयपटात एका खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. तीच कल्पना कोठारे यांनी मराठी मुलखात आणली. मरणोन्मुख गुंड तात्या विंचू मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि शब्दभ्रमाचा नाद असलेल्या लक्ष्याच्या मागे लागतो. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची, तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा, आणि बाहुला घडवला-चालवला रामदास पाध्ये यांनी. बालनाट्यातली चेटकीण आणि मांडीवरचे अर्धवटराव या दोन परंपरा या चित्रपटात एकत्र आल्या. मतकरींच्या नाटकात मुलांना घाबरवता घाबरवता हसवणारा नट इथे बाहुल्याचा आवाज झाला, आणि गणेशोत्सवाच्या मांडवात वाढलेली बाहुल्यांची विद्या पडद्यावरच्या खलनायकाच्या कामी आली. संगणकाने चित्रे हलवण्याची सोय मराठी चित्रपटाच्या आवाक्यात नव्हती. जे दिसते ते दोऱ्यांनी, खटक्यांनी आणि हातांनी हलवलेले आहे, म्हणूनच आजही त्याची भीती टिकून आहे.

तात्या विंचूला लहानपणी घाबरलेली मुले आता पालक झाली आहेत. त्याच्यावरचे विनोद आणि मीम्स त्यांनीच जगवले, आणि २०१३ मध्ये 'झपाटलेला २' त्रिमितीत आला तेव्हा चित्रपटगृहात ती आपल्या मुलांना घेऊन गेली. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की तात्या मुळात खेळणे नाहीच. त्याला बाहुल्यातून सुटायचे आहे. लाकडाच्या देहात अडकणे ही त्याची शिक्षा आहे. पिनोकियोलाही माणूस व्हायचे असते, पण त्यासाठी त्याला चांगले वागावे लागते. तात्याला दुसऱ्याचे शरीर बळकावायचे आहे. मुलाच्या डोळ्यांना दिसणारी खोडी आणि प्रौढाला दिसणारी हिंसा यांतले अंतर या एका पात्रात स्पष्ट होते.

अर्धवटरावांकडे पुन्हा पाहतानाही अशीच एक अडचण येते. नवरा-बायकोच्या भांडणावरचे त्या काळचे विनोद आजच्या श्रोत्याला तितके निरागस वाटत नाहीत, आणि बुद्धीने उणा समजल्या जाणाऱ्या माणसाला हसणे तर मुळीच नाही. पण या बाहुल्याच्या बाबतीत हसू उलट दिशेने जाते. अर्धवट म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते तोच प्रत्येक संवादात जिंकतो, आणि शहाणा म्हणून शेजारी बसलेला माणूस निरुत्तर होतो. या पद्धतीमुळेच बाहुला शंभर वर्षे टिकला असे मानायला जागा आहे.

बालनाट्याचे पुनरागमन २०१८ मध्ये झाले. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला सुधा करमरकर यांचे निधन झाले होते. चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली 'अलबत्या गलबत्या' नव्याने रंगमंचावर आले. चेटकीण झाले वैभव मांगले. नाट्यगृहात आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या शेजारी-शेजारी बसू लागल्या. आजीने पाहिलेला प्रयोग आणि नातीचा प्रयोग यांत चार-पाच दशकांचे अंतर होते, पण चेटकीण मागून येताच ओरडण्याची जागा तीच होती. 'निम्माशिम्मा राक्षस'ही त्यानंतर पुन्हा आला. मतकरींचे १७ मे २०२० रोजी निधन झाले. आपल्या नाटकांकडे प्रेक्षक परत आल्याचे त्यांना पाहायला मिळाले, ही समाधानाची गोष्ट.

वस्ती मात्र बदलली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावातली कुटुंबे विरार, कल्याण, बदलापूरकडे सरकली, आणि गिरगावच्या वाड्यांतली दहिसर-डोंबिवलीला गेली. बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी त्याच्या भवितव्यासाठी आवाज उठवला. नव्या घरांत मुलांना स्वतःची खोली मिळते, तिच्यात खेळण्यांचे कपाटही असते, आणि मराठी घरातले मूल आता नॉडीही वाचते.

पाध्यांच्या घरात शब्दभ्रम तिसऱ्या पिढीत पोचला आहे. रामदास आणि अपर्णा पाध्ये यांचे पुत्र सत्यजित हे सनदी लेखापाल. तेही बाहुल्यांसह रंगमंचावर उभे राहतात. या कुटुंबाच्या संग्रहात दोन हजारांहून अधिक बाहुल्या आहेत. त्यांचे रंग उडतात, रबर कडक होते, दोऱ्या तुटतात, आणि ती दुरुस्ती घरातच केली जाते. अर्धवटरावांचे प्रयोग अजून चालू आहेत.